अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी लढ्याची माणसे

६ डिसेंबर १८६५ रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली आणि जवळजवळ अडीचशे वर्षे चाललेली गुलामगिरी कायद्याने संपली. सर्वसाधारण वाचकाच्या मनात या घटनेशी अब्राहम लिंकन हे एकच नाव जोडलेले असते. लिंकन यांचा वाटा मोठाच आहे. पण ते राष्ट्राध्यक्ष झाले तोवर या प्रश्नापायी तीन-चार पिढ्यांतील माणसांनी आयुष्ये खर्ची घातली होती. त्यांत छापखान्यात खिळे जुळवणारे होते, जहाजांची शिडे बनवणारे होते, मळेवाल्यांच्या घरात जन्मून त्याच घराविरुद्ध साक्ष देणाऱ्या बहिणी होत्या आणि अक्षरओळख नसतानाही माणसांना रात्रीच्या अंधारात शेकडो मैल सुखरूप नेणारी एक स्त्री होती. या सगळ्यांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट दिसते: गुलामांनी स्वतः उचललेले पाऊल बहुतेक वेळा आधी पडले आणि कायदा त्यामागून आला.

१६१९ मध्ये व्हर्जिनियातील पॉइंट कम्फर्ट येथे वीसएक आफ्रिकी माणसे विकण्यासाठी उतरवली गेली, ही इंग्रजांच्या उत्तर अमेरिकी वसाहतींतील गुलामगिरीची नेहमी सांगितली जाणारी सुरुवात. १७८७ च्या राज्यघटनेने या प्रथेला तीन ठिकाणी आधार दिला. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीन पंचमांश धरली गेली, परदेशातून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही असे ठरले आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तरी मालकाला परत मिळेल अशी हमी दिली गेली. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ७ लाख होती. १७९३ मध्ये एली व्हिटनी यांनी सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले, दक्षिणेत कापसाचे मळे झपाट्याने पसरले आणि १८६० पर्यंत ही संख्या ३९ लाखांच्या पुढे गेली. इतिहासकारांच्या हिशेबाप्रमाणे तेव्हा गुलामांची बाजारातील एकूण किंमत देशातील सर्व कारखाने आणि रेल्वे यांच्या एकत्रित किमतीपेक्षा जास्त होती. गुलामगिरीविरोधकांची गाठ एवढ्या प्रचंड मालमत्तेशी होती. त्यांना मिळालेला तीव्र विरोध समजून घेताना हे विसरून चालत नाही.

पहिला संघटित विरोध क्वेकर या ख्रिस्ती पंथातून उभा राहिला, आणि तोही सुखासुखी नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फिया भागातील कित्येक श्रीमंत क्वेकर स्वतःच गुलाम बाळगत. बेंजामिन ले (१६८२–१७५९) यांनी बार्बाडोस बेटावर उसाच्या मळ्यांतील गुलामांचे हाल पाहिले होते. चार फुटांच्या आसपास उंची, पाठीला कुबड, राहणे गुहेत आणि गुलामांच्या श्रमातून आलेली कोणतीही वस्तू न वापरण्याचा निश्चय, असा हा माणूस. १७३८ मध्ये न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे क्वेकरांची वार्षिक सभा भरली, तेव्हा ते अंगरख्याखाली सैनिकी पोशाख आणि तलवार लपवून गेले. हातात एक पोकळ केलेला ग्रंथ होता आणि त्यात लाल रानफळांच्या रसाने भरलेली पिशवी. माणसांना गुलाम करणाऱ्यांचे रक्त देव असेच सांडील असे बजावत त्यांनी ग्रंथात तलवार खुपसली आणि आसपास बसलेल्यांच्या अंगावर लाल शिंतोडे उडाले. त्यांना उचलून बाहेर काढण्यात आले. मात्र १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांचा व्यापार करणाऱ्या सदस्यांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याचे ठरवले आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगण्यालाच मनाई केली. यातील पहिला निर्णय ले यांना मृत्यूपूर्वी ऐकायला मिळाला. त्यांच्यापेक्षा शांत स्वभावाचे जॉन वुलमन आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वर्ग चालवणारे अँथनी बेनेझे यांनी हेच काम समजुतीच्या मार्गाने पुढे नेले. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये टप्प्याटप्प्याने मुक्ती देणारा कायदा केला, त्यामागे या मंडळींनी केलेली मशागत होती.

न्यायालयाचा मार्ग एका गुलाम स्त्रीने दाखवून दिला. मॅसॅच्युसेट्समधील शेफील्ड गावच्या एलिझाबेथ फ्रीमन यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मालकिणीने दुसऱ्या एकीवर तापलेले फावडे उगारले असता तो घाव त्यांनी मधे पडून स्वतःच्या दंडावर झेलला. राज्याच्या नव्या घटनेत सर्व माणसे जन्मतः मुक्त आणि समान आहेत असे म्हटले आहे, हे कानावर पडल्यावर त्या थिओडोर सेजविक या वकिलांकडे गेल्या आणि हे कलम आपल्याला का लागू नाही, असे त्यांनी विचारले. १७८१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अशाच खटल्यांमुळे १७८३ नंतर मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही.

उत्तरेतील मुक्त कृष्णवर्णीयांनी याच काळात आपल्या संस्था उभ्या केल्या. रिचर्ड ॲलन (१७६०–१८३१) यांनी पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली. पुढे फिलाडेल्फियात बेथेल चर्च आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ त्यांनी स्थापन केला. जेम्स फोर्टन (१७६६–१८४२) यांनी पोरवयात स्वातंत्र्ययुद्धातील एका जहाजावर काम केले, ब्रिटिशांची कैद भोगली आणि नंतर शिडे बनवण्याच्या धंद्यात मोठी संपत्ती मिळवली. १८१६ च्या अखेरीस अमेरिकन कोलोनायझेशन सोसायटी स्थापन झाली. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून द्यावे, अशी तिची योजना होती आणि अनेक प्रतिष्ठित राजकारणी तिच्या पाठीशी होते. जानेवारी १८१७ मध्ये बेथेल चर्चमध्ये जमलेल्या हजारो कृष्णवर्णीयांनी ही योजना धुडकावून लावली. आपल्या पूर्वजांनी घाम गाळून उभा केलेला हा देश आपला आहे, ही त्यांची भूमिका पुढच्या सगळ्या चळवळीचा पाया ठरली. चळवळीचा इतिहास बॉस्टनच्या गोऱ्या सुधारकांपासून सुरू करणारी पुस्तके हा पाया वगळतात.

१८२९ मध्ये बॉस्टनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालवणारे डेव्हिड वॉकर यांनी गुलामांना प्रतिकाराचे उघड आवाहन करणारी पुस्तिका छापली. खलाशांच्या कपड्यांत शिवून तिच्या प्रती दक्षिणेच्या बंदरांत पोहोचवल्या जात. पुढच्याच वर्षी वॉकर मरण पावले. ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियाच्या साउदॅम्प्टन परगण्यात नॅट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला. त्यात पन्नासहून अधिक गोरी माणसे मारली गेली आणि सूड म्हणून त्याहून कितीतरी अधिक कृष्णवर्णीयांची, त्यांतील पुष्कळ निरपराधांची, कत्तल झाली. टर्नर यांना ११ नोव्हेंबर रोजी फाशी दिले. त्यानंतर दक्षिणेत गुलामांना अक्षरे शिकवण्याविरुद्धचे कायदे अधिक कडक झाले.

त्याच वर्षी १ जानेवारीला ‘द लिबरेटर’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला होता. त्याचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन (१८०५–१८७९) न्यूबरीपोर्ट गावच्या गरीब घरात वाढले आणि तेराव्या वर्षी छापखान्यात उमेदवारीला लागले. गुलामांची वाहतूक करणाऱ्या एका जहाजमालकावर टीका केल्याबद्दल १८३० मध्ये त्यांनी बाल्टिमोरच्या तुरुंगात ४९ दिवस काढले. आरंभी त्यांनाही आफ्रिकेत पाठवणीची योजना आणि क्रमाक्रमाने मुक्ती पसंत होती. मुक्त कृष्णवर्णीयांच्या सहवासात हे मत बदलले आणि गुलामगिरी तत्काळ व बिनशर्त संपली पाहिजे, असे ते मांडू लागले. ‘द लिबरेटर’चे सुरुवातीचे बहुतेक वर्गणीदार कृष्णवर्णीय होते आणि फोर्टन यांनी अडचणीच्या काळात पत्राला पैसा पुरवला. जॉर्जियाच्या विधिमंडळाने गॅरिसन यांना पकडून आणणाऱ्याला ५,००० डॉलर जाहीर केले. २१ ऑक्टोबर १८३५ रोजी खुद्द बॉस्टनमध्ये जमावाने त्यांना दोर बांधून रस्त्यातून ओढले. दोन वर्षांनी इलिनॉयमधील ऑल्टन येथे संपादक एलायजा लव्हजॉय छापयंत्राचे रक्षण करताना गोळी लागून ठार झाले. उत्तरेतही गुलामगिरीविरुद्ध बोलणे किती धोक्याचे होते, हे या दोन घटनांवरून कळते. गॅरिसन मात्र पस्तीस वर्षे एकही आठवडा न चुकवता १,८२० अंक काढत राहिले. त्यांची भाषा जहाल होती, निवडणुकीच्या राजकारणावर त्यांचा विश्वास नव्हता आणि राज्यघटनेला ते गुलामगिरीशी केलेला करार मानत. १८५४ मध्ये त्यांनी तिची प्रत सभेत जाळली. या हट्टामुळे पुष्कळ सहकारी दुरावले. तरीही प्रश्न लांबणीवर टाकण्याची सोय त्यांनी कोणालाच ठेवली नाही, ही त्यांची कामगिरी मोठी आहे.

सारा ग्रिमके (१७९२–१८७३) आणि अँजेलिना ग्रिमके (१८०५–१८७९) या दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टनच्या. वडील न्यायाधीश आणि मोठे मळेवाले. घरातला गुलामांचा छळ असह्य होऊन दोघी उत्तरेत आल्या आणि क्वेकर झाल्या. त्यांच्या तोंडून येणारी हकिकत डोळ्यांदेखत घडलेली होती, म्हणून तिला वजन होते. फेब्रुवारी १८३८ मध्ये अँजेलिना यांनी मॅसॅच्युसेट्स विधिमंडळाच्या समितीपुढे भाषण केले. अमेरिकेत विधिमंडळापुढे बोलणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्त्रियांनी जाहीर सभेत बोलावे की नाही यावरून धर्मोपदेशकांनी त्यांच्यावर झोड उठवली, तेव्हा साराने स्त्रियांच्या समानतेवर पत्रमाला लिहिली. अमेरिकेतील स्त्रीमुक्तीचा विचार मोठ्या प्रमाणात या वादातून फुटला. १८३९ मध्ये अँजेलिनाचे पती थिओडोर वेल्ड आणि या दोघी बहिणींनी तयार केलेले गुलामगिरीच्या वास्तवाचे पुस्तक त्या काळी अभिनव होते. तिघांनी दक्षिणेतील वर्तमानपत्रांचे हजारो अंक चाळून पळालेल्या गुलामांच्या जाहिराती कापून काढल्या. ओळख पटावी म्हणून मालकांनीच त्यांत पाठीवरचे चाबकाचे वळ, कापलेले कान, गालावर डागलेली अक्षरे यांची वर्णने दिलेली असत. अतिशयोक्तीचा आरोप करायला जागाच उरली नाही. १८६८ मध्ये आपल्या भावाला एका गुलाम स्त्रीपासून झालेले मुलगे शिकत आहेत असे कळल्यावर या बहिणींनी त्यांना पुतणे म्हणून उघडपणे स्वीकारले आणि त्यांच्या शिक्षणाला हातभार लावला. त्यांतले आर्चिबाल्ड पुढे वकील आणि फ्रान्सिस धर्मोपदेशक म्हणून नावारूपाला आले.

फ्रेडरिक डग्लस (१८१८–१८९५) यांचे चरित्र या संपूर्ण लढ्याच्या मध्यभागी आहे. मेरीलँडमधील टॅलबट परगण्यात त्यांचा जन्म झाला. नेमकी तारीख त्यांना कधीच कळली नाही. तान्हेपणीच आईपासून तोडले गेले. दिवसभर शेतात राबून ती बारा मैल चालत रात्री मुलाजवळ येई आणि उजाडायच्या आत परत जाई. अशा भेटी चार-पाचच झाल्या. आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना बाल्टिमोरला ऑल्ड कुटुंबात पाठवले. मालकीण सोफिया यांनी त्यांना अक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याने ते बंद पाडले आणि शिकलेला गुलाम हाताबाहेर जातो, असे बायकोला मुलाच्या समोरच सुनावले. डग्लस यांनी पुढे लिहिले आहे की सुटकेची वाट त्यांना त्या बोलण्यातून सापडली. खिशात पाव ठेवून गल्लीतल्या गोऱ्या गरीब पोरांना तो द्यायचा आणि बदल्यात धडा घ्यायचा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. गोदीत सुतार जहाजाच्या फळ्यांवर ती कोणत्या बाजूची हे दाखवणारी आद्याक्षरे खडूने लिहीत. ती पाहून त्यांनी लिहिणे गिरवले. बारा-तेरा वर्षांचे असताना साठवलेल्या ५० सेंटांत भाषणांचे एक क्रमिक पुस्तक विकत घेतले आणि ते पाठ होईपर्यंत वाचले.

१८३४ मध्ये त्यांना एडवर्ड कव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे ‘वठणीवर आणण्यासाठी’ ठेवण्यात आले. महिनोन्‌महिने मार खाल्ल्यावर सोळा वर्षांच्या डग्लस यांनी एके दिवशी उलटून त्याचा गळा धरला. जवळजवळ दोन तास झटापट चालली आणि त्यानंतर कव्हीने त्यांना हात लावला नाही. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेश करून, एका मुक्त कृष्णवर्णीय खलाशाचे उसने घेतलेले ओळखपत्र खिशात ठेवून ते बाल्टिमोरहून गाडीत बसले. कागदावरचे वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हते. तिकीट तपासनिसाने कागदावर नुसती नजर टाकली म्हणून ते वाचले. चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले. या प्रवासाचा खर्च ॲना मरी या मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीने मोलकरणीच्या कामातून साठवलेल्या पैशांतून केला होता. बारा दिवसांनी त्यांचे लग्न झाले. ॲना यांनी पुढे चव्वेचाळीस वर्षे संसार सांभाळला, पळून आलेल्यांना घरात आसरा दिला, जोडे शिवून घरखर्चाला हातभार लावला. पतीच्या तिन्ही आत्मचरित्रांत मात्र त्यांच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. ही त्या ग्रंथांतील मोठी उणीव आहे. मुलगी रोझेटा यांनी १९०० मध्ये आईच्या आठवणी सांगितल्या, तेव्हा ती थोडीशी भरून निघाली.

१८४१ मध्ये नँटुकेटच्या सभेत डग्लस बोलले आणि गॅरिसन यांच्या संस्थेने त्यांना वक्ता म्हणून नेमले. त्यांची भाषा इतकी सफाईदार होती की हा माणूस कधी गुलाम असणे शक्य नाही, अशी शंका लोक घेऊ लागले. उत्तर म्हणून १८४५ मध्ये त्यांनी मालकांची नावे, गावे आणि प्रसंग यांसह आत्मवृत्त प्रसिद्ध केले. त्यामुळे शंका मिटली, पण पकडले जाण्याचा धोका वाढला आणि त्यांना जवळजवळ दोन वर्षे ब्रिटन व आयर्लंडमध्ये काढावी लागली. तिथल्या मित्रांनी पैसे जमवून १८४६ च्या अखेरीस त्यांचे स्वातंत्र्य कायदेशीरपणे विकत घेतले. परतल्यावर रॉचेस्टर येथे त्यांनी ‘द नॉर्थ स्टार’ हे स्वतःचे पत्र काढले आणि १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाला पाठिंबा दिला. १८५१ मध्ये त्यांचे गॅरिसन यांच्याशी बिनसले. राज्यघटना झिडकारण्याऐवजी तिच्यातील स्वातंत्र्याची तत्त्वे गुलामांच्या बाजूने वापरावीत, असे डग्लस यांचे मत झाले होते. पुढची घटना पाहता डग्लस यांचीच वाट फळाला आली, कारण मुक्ती अखेर घटनादुरुस्तीतून मिळाली.

पळून जाण्याच्या वाटांना लोक ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणत; रूळ किंवा बोगदे नसलेली ही आश्रयघरांची आणि वाटाड्यांची साखळी होती. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव हॅरिएट टबमन यांचे. त्या १८२२ च्या सुमारास मेरीलँडमधील डॉर्चेस्टर परगण्यात जन्मल्या. लहान वयात मुकादमाने दुसऱ्यावर फेकलेले लोखंडी वजन डोक्याला लागल्याने त्यांना जन्मभर अचानक गुंगी येत असे. १८४९ मध्ये त्या एकट्या फिलाडेल्फियाला पळाल्या आणि नंतर पुन्हा पुन्हा मेरीलँडमध्ये शिरून आप्तांना व इतरांना बाहेर काढत राहिल्या. सॅरा ब्रॅडफर्ड यांच्या जुन्या चरित्रामुळे १९ फेऱ्या आणि ३०० माणसे हे आकडे रूढ झाले. अलीकडच्या काटेकोर संशोधनात सुमारे १३ फेऱ्या आणि ७० च्या आसपास माणसे असे दिसते. आकडा लहान झाला म्हणून कामाचे मोल उतरत नाही. प्रत्येक फेरीत पकडले जाण्याची टांगती तलवार होती, हे ध्यानात घेतले तर खरा आकडाच थक्क करणारा आहे. त्या लांब रात्रींच्या हिवाळ्यात निघत आणि शक्यतो शनिवारी, कारण सोमवारपूर्वी पळाल्याची जाहिरात छापून येत नसे.

१८५४ च्या नाताळात त्यांनी आपल्या भावांना बाहेर काढले, तो प्रसंग त्यांच्या कामाची पद्धत नेमकी दाखवतो. आधी एका साक्षर मुक्त कृष्णवर्णीयाला सांकेतिक पत्र गेले. भाऊ आईवडिलांच्या झोपडीजवळच्या कोठारात लपले. आईने मुले जेवायला येणार म्हणून स्वयंपाक करून ठेवला होता. आनंदाने किंवा दुःखाने ती ओरडली असती म्हणून तिला काहीच कळवले नाही. मुलांनी फटीतून तिला वाट बघताना पाहिले. वडील बेन रॉस यांनी डोळ्यांना रुमाल बांधून मुलांना अन्न पोहोचवले आणि तसेच काही अंतर सोबत चालत गेले. पुढे चौकशीला माणसे आली, तेव्हा आपण मुलांना पाहिले नाही असे त्यांना खोटे न बोलता सांगता आले. फिलाडेल्फियात या मंडळींची नोंद विल्यम स्टिल यांनी केली. आलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, नातलग आणि हकिकत ते लिहून ठेवत. १८५० मध्ये अशीच विचारपूस करताना समोरचा अनोळखी माणूस आपलाच कधी न पाहिलेला मोठा भाऊ आहे, हे त्यांना उमगले होते. धोका ओळखून त्यांनी या वह्या लपवून ठेवल्या आणि १८७२ मध्ये त्यांवरून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पळालेल्यांच्या इतिहासाचे ते आजही एक प्रमुख साधन आहे.

१८५० च्या फरारी गुलाम कायद्याने उत्तरेतील प्रत्येक नागरिकाला या व्यवस्थेत ओढले. पकडलेल्या माणसाला ज्युरीपुढे दाद मागता येत नसे, आणि निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस मालकाकडे परत पाठवला तर १० डॉलर आणि सोडला तर ५ डॉलर मिळत. या कायद्याच्या संतापातून हॅरिएट बीचर स्टो (१८११–१८९६) यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली. १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्यावर वर्षभरात अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. कादंबरीतील कृष्णवर्णीयांचे चित्रण आज पुष्कळ ठिकाणी खटकते, पण तिने गुलामगिरीचा प्रश्न घराघरांत पोहोचवला. हॅरिएट जेकब्स यांची सत्यकथा मात्र फार काळ अडगळीत पडली. उत्तर कॅरोलायनातील ईडन्टन येथे मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी त्या आजीच्या घराच्या माळ्यावर, उभेही राहता येणार नाही अशा जागेत जवळजवळ सात वर्षे लपल्या. १८६१ मध्ये टोपणनावाने छापलेले त्यांचे आत्मकथन बराच काळ कल्पित मानले गेले. जीन फेगन येलिन यांनी कागदपत्रांच्या आधारे १९८० च्या दशकात ते खरे असल्याचे सिद्ध केले. सोजर्नर ट्रुथ यांच्याबाबत उलटे घडले. न्यूयॉर्क राज्यातील डच भाषक घरात गुलाम असलेल्या या स्त्रीने बेकायदा विकलेल्या मुलासाठी १८२८ मध्ये खटला जिंकला होता. १८५१ मधील त्यांच्या ॲक्रनच्या भाषणाचा सर्वांत गाजलेला पाठ बारा वर्षांनी दुसऱ्याने लिहिलेला आणि दक्षिणी बोलीत घातलेला आहे. १८५१ मध्येच छापलेला वृत्तान्त अधिक विश्वसनीय आहे.

१८५० च्या दशकात वाद रक्तापर्यंत गेला. मे १८५६ मध्ये गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी सिनेटच्या सभागृहात काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. काही दिवसांतच कॅन्ससमध्ये जॉन ब्राउन (१८००–१८५९) यांच्या टोळीने गुलामगिरीच्या पाच समर्थकांना रात्री घरातून ओढून ठार केले. धंद्यात दिवाळे निघालेला, वीस मुलांचा हा बाप बायबलमधील न्यायाच्या कल्पनेने पेटलेला होता. १६ ऑक्टोबर १८५९ रोजी एकवीस साथीदारांसह त्यांनी हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागार काबीज केले. डग्लस यांनी हा बेत आत्मघाताचा आहे असे सांगून आधीच नकार दिला होता. दोन दिवसांत रॉबर्ट ई. ली यांच्या हाताखालील तुकडीने ब्राउन यांना पकडले आणि २ डिसेंबरला फाशी झाली. कॅन्ससमधील हत्यांचे समर्थन करता येत नाही. पण गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्यासाठी फासावर जाणे ही त्या देशात नवी गोष्ट होती आणि तिचा दोन्ही बाजूंवर खोल परिणाम झाला.

लिंकन (१८०९–१८६५) यांची वाटचाल सावध वकिलाची होती. एकूण शालेय शिक्षण वर्षभराचेही नाही, प्रतिनिधिगृहात एकच मुदत. गुलामगिरी अन्याय आहे हे त्यांचे मत जुने होते, पण नव्या प्रदेशांत ती पसरू द्यायची नाही, एवढ्यावरच ते १८६० ची निवडणूक लढले आणि सुमारे ४० टक्के मते मिळवून जिंकले. दक्षिणेतील राज्ये फुटून यादवी युद्ध सुरू झाल्यावरही संघराज्य वाचवणे हेच उद्दिष्ट असल्याचे ते सांगत. ऑगस्ट १८६२ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या शिष्टमंडळाला देश सोडून जाण्याचा विचार करायला सांगितले. डग्लस यांनी त्यावर कडाडून टीका केली. दरम्यान गुलामांनी आपला निर्णय घेतला होता. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे रात्री होडीतून व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यात आले. जनरल बटलर यांनी त्यांना शत्रूची जप्त मालमत्ता ठरवून परत द्यायला नकार दिला आणि मग हजारो माणसे सैन्याच्या छावण्यांकडे धावली. काँग्रेसला त्यांच्यासाठी कायदे करावे लागले. १३ मे १८६२ च्या पहाटे रॉबर्ट स्मॉल्स या तेवीस वर्षांच्या गुलाम सुकाणूधराने चार्ल्स्टन बंदरातून ‘प्लँटर’ हे दक्षिणेचे जहाज कप्तानाची टोपी घालून, ठरलेले इशारे देत, तोफांसमोरून बाहेर काढले आणि कुटुंबीयांसह उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केले. बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त ठरवणारा लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा या घडामोडींनंतर आला. लिंकन यांचे मोठेपण त्यांच्या बदलत जाण्यात आहे. प्रसंगाने शिकवलेले ते शिकले आणि एकदा पुढे टाकलेले पाऊल त्यांनी मागे घेतले नाही.

जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली आणि सुमारे १ लाख ७९ हजार जण भरती झाले. डग्लस यांचे दोन मुलगे ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि कृष्णवर्णीयाला कपड्यांचे ३ डॉलर कापून ७, या अन्यायाविरुद्ध डग्लस ऑगस्ट १८६३ मध्ये थेट लिंकन यांना भेटले. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. २ जून १८६३ रोजी टबमन यांनी मिळवलेल्या माहितीवर आधारलेल्या कंबाही नदीवरील मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले. एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी घटनादुरुस्तीसाठी जवळजवळ ४ लाख सह्या गोळा केल्या. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात दुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. ११ एप्रिलच्या भाषणात लिंकन यांनी काही कृष्णवर्णीयांना मताधिकार द्यावा असे प्रथमच जाहीरपणे म्हटले. ऐकणाऱ्यांत जॉन विल्क्स बूथ होता; तीन दिवसांनी त्याने लिंकन यांना गोळी घातली.

मुक्तीनंतरचा काळ चरित्रकार बहुतेकदा घाईने उरकतात, पण माणसांची खरी पारख तिथे होते. गॅरिसन यांनी काम संपले असे मानून डिसेंबर १८६५ मध्ये पत्र बंद केले. मताधिकाराशिवाय स्वातंत्र्य टिकणार नाही, हे डग्लस आणि गॅरिसन यांचे सहकारी वेंडेल फिलिप्स यांचे म्हणणे अधिक दूरदृष्टीचे होते. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स (१७९२–१८६८) यांनी बंडखोर मळेवाल्यांची जमीन जप्त करून प्रत्येक मुक्त कुटुंबाला ४० एकर द्यावी असा आग्रह धरला. तो फेटाळला गेला आणि बहुसंख्य कुटुंबे पुन्हा जुन्याच जमिनीवर वाटेकरी म्हणून कर्जात रुतली. चौदाव्या आणि पंधराव्या दुरुस्तीने नागरिकत्व व पुरुषांचा मताधिकार मिळाला, तरी १८७७ मध्ये दक्षिणेतील नव्या सरकारांच्या पाठीशी असलेले संघराज्याचे सैन्य बाजूला झाल्यावर हे हक्क हिंसेने आणि कायद्याच्या पळवाटांनी हिरावले गेले. ज्या मालकाच्या घरामागे जन्म झाला तेच घर विकत घेऊन राहणारे आणि काँग्रेसवर निवडून गेलेले स्मॉल्स यांनी १८९५ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या घटना परिषदेत मताधिकार वाचवण्यासाठी शर्थ केली, पण ते हरले. टबमन यांना प्रथम दुसऱ्या पतीची विधवा म्हणून महिना ८ डॉलर आणि १८९९ पासून २० डॉलर निवृत्तिवेतन मिळाले. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्नमध्ये त्यांनी वृद्ध व निराधारांसाठी आश्रम काढला आणि तिथेच १० मार्च १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. डग्लस यांनी वॉशिंग्टनमध्ये आणि हैतीत सरकारी पदे भूषवली, मात्र अखेरची वर्षे जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध बोलण्यात घालवली.

या लढ्याचा आवाज पुण्यापर्यंत पोहोचला होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी निःस्वार्थ त्याग करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा अशी अपेक्षा व्यक्त केली. ही अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हा डग्लस, टबमन, स्टिल, स्टो आणि गॅरिसन हयात होते.

इतिहासलेखनात या माणसांचे स्थान सारखे बदलत आले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी मुक्तीनंतरच्या काळाचे चित्र गोऱ्या दक्षिणेच्या नजरेतून रंगवले. त्यात स्टीव्हन्स सूडबुद्धीचे आणि कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी नालायक ठरले. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९३५ मधील ‘ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या ग्रंथात त्याला उत्तर दिले. मळे सोडून छावण्यांकडे गेलेल्या लाखो गुलामांच्या कृतीला त्यांनी सार्वत्रिक संप म्हटले आणि युद्धाचा निकाल तिने लावला असे मांडले. तेव्हा दुर्लक्षिलेला हा ग्रंथ आज या विषयाच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. त्याच दशकात, १९३६ ते १९३८ दरम्यान, संघराज्य सरकारच्या लेखक प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती टिपून घेतल्या. विचारणारे बहुतेक गोरे असल्याने सांगणाऱ्यांनी पुष्कळदा हातचे राखून सांगितले आहे. तरीही ज्यांच्या नावे एकही चरित्र लिहिले गेले नाही, अशा माणसांच्या तोंडची हकिकत मिळण्याचे हे सर्वांत मोठे साधन आहे आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ते अभ्यासकांना खुले आहे.